आयर्विनला किती झालं की आपल्या उंबऱ्याला लागतं?

सांगलीत पावसाळ्यात कुणी भेटलं की "कसं काय" नंतरचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "आयर्विनला किती झालं?" म्हणजे आयर्विन पुलाच्या गेजवर कृष्णेचं पाणी किती फुटांवर आहे. चाळीसला इशारा पातळी, पंचेचाळीसला धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोराला पण पाठ असतं. पण तुमच्या उंबऱ्याला पाणी कितव्या फुटाला लागतं, असं विचारलं तर दहातले नऊ जण गप्प होतात. मीही त्या नवांतलाच होतो.

माझा छापखाना मारुती चौकाजवळ. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विनला साडेसत्तावन्न फुटांच्या आसपास पाणी गेलं, तेव्हा आमच्याकडे गणपती मंडळांच्या पावती पुस्तकांचा ढीग बांधून तयार होता. कागदाची रिमं भिजली की नुसती ओली होत नाहीत, फुगतात. फुगून त्यांनी लोखंडी रॅक वाकवले. मशीनच्या पॅनेलमध्ये गाळ. २०२१ च्या जुलैत पंचावन्नच्या आसपास गेलं, तेव्हा अर्धा माल आधी हलवला होता, पण कुठला अर्धा आणि कधी, हे सगळं अंदाजपंचे. त्यानंतर ठरवलं, आता नवा गाळा घ्यायचा आणि घेण्याआधी पातळी मोजून घ्यायची. जे केलं, ज्यात चुकलो, ते सगळं इथे लिहितो. कृष्णाकाठच्या माणसाला जसंच्या तसं लागू होईल. कोल्हापूरवाल्यांनी आयर्विनच्या जागी राजाराम बंधारा वाचावा, त्यांची इशारा पातळी ३९ आणि धोका पातळी ४३ फूट. बाकी पद्धत तीच.

आधी कोणता सर्व्हेअर, ते. मी ओळखीतल्याला सांगितलं, "सर्व्हेअर पाठव." आला तो हद्द मोजणारा. त्याने झकास मशीन लावून चारी कोपरे दाखवले, मोजणी नकाशाशी जुळवले, पैसे घेऊन गेला. हद्द कळली, उंची नाही. दुसरे सर्व्हेअर म्हणजे विमा कंपनीचे, ते नुकसान झाल्यावर येतात. आपल्याला हवा तो लेव्हल घेणारा: रस्त्याची, कालव्याची, ड्रेनेज लाइनची कामं करणारा, ज्याच्याकडे ऑटो लेव्हल (आडवी सरळ रेषा दाखवणारी दुर्बीण), तिपाई आणि स्टाफ (आकडे लिहिलेली उभी पट्टी) आहे. फोनवर एकच प्रश्न विचारा: "फ्लाय लेव्हलिंग करून बेंचमार्कला परत बंद करून देणार का?" म्हणजे एका पक्क्या खुणेपासून (बेंचमार्क) टप्प्याटप्प्याने उंची मोजत जायचं आणि शेवटी त्याच खुणेवर परत येऊन हिशेब जुळतो का बघायचं. पुढचा माणूस "हो, फील्डबुक (मोजणीची वही) पण देतो" म्हणाला तर तो आपला. "मोबाइलवर बघून सांगतो" म्हणाला तर नमस्कार करा. मोबाइलमधली उंची आणि नकाशाच्या ॲपमधली उंची कित्येक मीटरने चुकते. आपला सगळा खेळ तर इंचांचा.

सॅटेलाइटवरचं महागडं यंत्र घेऊन येणारेही असतात. ते चांगलं असतं, पण त्यांना विचारा, ही उंची समुद्रसपाटीपासूनची का यंत्राची? यंत्र मुळात पृथ्वीच्या एका गणिती आकारापासून उंची मोजतं आणि आपल्याकडे त्या आकड्यात आणि समुद्रसपाटीच्या आकड्यात बऱ्याच मीटरचा फरक पडतो. रूपांतर न करता कुणी तो आकडा कागदावर लिहून दिला तर तो पूररेषेच्या नकाशाशी कधीच जुळणार नाही.

माणूस येण्याआधी तुमचं काम वेगळं आहे आणि ते त्याच्यावर टाकू नका. मिळकत पत्रिका किंवा सातबारा काढा, गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर पक्का करा आणि महापालिकेच्या नगररचना विभागातून भाग नकाशा आणि झोन दाखला घ्या. त्यात निळी आणि लाल पूररेषा दिसते. निळी म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा, निळी ते लाल हा नियंत्रित पट्टा. नियंत्रित पट्ट्यात बांधकाम करायचं तर लाल रेषेच्या पातळीच्या वर ०.४५ मीटर जोतं हवं, असा राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीतला नियम आहे. घेण्याआधी खिडकीवर एकदा विचारून खात्री करा.

"शंभर वर्षांतून एकदा" या शब्दांनी फार लोकांना झोपवलंय. त्याचा अर्थ एकदा आला की पुढची नव्याण्णव वर्षं सुट्टी, असा नाही. दर वर्षी शंभरात एक शक्यता, एवढाच. तीस वर्षांचं गृहकर्ज घेतलंत तर त्या तीस वर्षांत असा पूर निदान एकदा यायची शक्यता शंभरात सव्वीस. निळ्या रेषेचं गणित केलं तर शंभरात सत्तर. आमच्याकडे २००५, २०१९, २०२१ असे तीन मोठे पूर सतरा वर्षांत बघितल्यावर हे गणित कुणाला समजावून सांगावं लागत नाही म्हणा.

आता पूरखुणा. लेव्हलवाला पातळी मोजेल, पण पाणी कुठपर्यंत आलं होतं हे शोधायचं तुम्हीच. एजंटवर विसंबू नका. मी बघितलेला गाळा शामरावनगरच्या बाजूला होता आणि एजंट म्हणाला, "एकोणीसला इथं टाचभर पाणी होतं, साहेब." मी मान डोलावली आणि दोन गल्ल्या सोडून पिठाच्या गिरणीत गेलो. गिरणीवाल्या काकांनी भिंतीवर ऑइलपेंटने दोन रेघा ओढून ठेवलेल्या, वर '१९', खाली '२१'. असा माणूस प्रत्येक वस्तीत एक तरी असतो. गिरणी, किराणा, सायकल दुकान, देऊळ, शाळा, इथे विचारा.

नुसत्या सांगण्यावर जाऊ नका, खूण बघा. बाहेरच्या भिंती दिवाळीला रंगतात, त्यामुळे जिन्याखाली, मीटरच्या पेटीत, कपाटाच्या मागे, शटरच्या आतल्या पट्टीत बघा. तिथे गाळाची बारीक तपकिरी रेघ असते. एक फसवी गोष्ट: भिंत पाणी वर ओढते, त्यामुळे ओलीचा आणि भिंतीवर फुटणाऱ्या क्षाराचा डाग खऱ्या पाण्यापेक्षा फूट-दीड फूट वर जातो. डाग नको, गाळाची रेघ हवी. मला अशा पाच खुणा मिळाल्या. त्यातली एक गृहिणीने "फ्रीजच्या या बिजागरीपर्यंत" अशी दाखवलेली, पण फ्रीज तेव्हा तरंगत होता हे त्यांना नंतर आठवलं. राहिल्या चार.

मोजणीच्या दिवशी सकाळी सातला बोलवा. ऊन वाढलं की डांबरावरची हवा थरथरते आणि स्टाफवरचे आकडे नाचतात. शिवाय नंतर रस्त्यावर ट्रॅफिक. आमच्या सर्व्हेअरांनी अर्ध्या दिवसाचे साडेतीन हजार घेतले, स्टाफ धरणारा पोरगा त्यांचाच. सुरुवातीला त्यांना विचारलं, यंत्र तपासलंय का? त्यांनी हसून दोन खुंट्यांची तपासणी करून दाखवली: यंत्र मधोमध ठेवून दोन खुंट्यांच्या उंचीतला फरक घ्यायचा, मग एका खुंटीजवळ नेऊन परत घ्यायचा. दोन्ही वेळा फरक एकच आला की यंत्र सरळ बघतंय. दहा मिनिटं लागतात. ज्याला याचा राग येतो त्याच्याकडून काम घेऊ नये, असं माझं मत.

पद्धत अशी. गिरणीच्या दगडी पायरीला आपण १०० मीटर मानलं. ही आपली तात्पुरती बेंचमार्क. समुद्रसपाटीशी जोडायचं असेल तर सर्व्हे ऑफ इंडियाच्या किंवा पाटबंधारे खात्याच्या पक्क्या बेंचमार्कपासून लेव्हल आणावी लागते, खर्च वाढतो. बांधकाम परवानगीसाठी ते लागतंच. नुसता धोका समजून घ्यायला पायरी पुरते. पायरीपासून '१९' ची रेघ १.३१ मीटर वर, म्हणजे १०१.३१. '२१' ची रेघ १००.५६. दोन्हीत फरक पाऊण मीटर, म्हणजे सुमारे अडीच फूट.

इथे सर्व्हेअर थांबले आणि म्हणाले, "आयर्विनला दोन्ही वेळा किती होतं?" मी म्हटलं, साडेसत्तावन्न आणि पंचावन्न. फरक अडीच फूट. ते म्हणाले, "मग गेज आणि ही गल्ली एका सुरात आहेत." सगळ्या मोजणीतली माझ्या दृष्टीने सगळ्यात कामाची गोष्ट हीच. पुराचं पाणी काचेसारखं सपाट नसतं, नदीच्या उताराबरोबर तेही उतरतं, त्यामुळे पुलाच्या गेजची पातळी सरळ तुमच्या दारात आणून लावता येत नाही. पण दोन वेगवेगळ्या पुरांत पुलावरचा फरक आणि तुमच्या गल्लीतला फरक सारखा आला, तर गेजवरून तुमच्या दाराचा हिशेब करायला हरकत नाही. सारखा आला नाही, तर मधे काहीतरी आहे: एखादा भराव, बंधारा, नाला, उंच झालेला रस्ता. मग ते काय आहे ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. उरलेल्या तीन खुणाही त्यांनी घेतल्या. दोन जुळल्या, एक वीतभर वर निघाली. ती सोडून दिली.

मग तिथून गाळ्यापर्यंत लेव्हल नेली. मागचं आणि पुढचं वाचन घेताना यंत्र साधारण मधोमध राहील असं ते बघत होते, म्हणजे यंत्राची थोडी चूक असेल तर दोन्हीकडे सारखी पडून कटते. गाळ्याची फरशी निघाली १००.३९५. आता हिशेब तुम्हीच करा: २०१९ चं पाणी फरशीच्या वर ९१ सेंटिमीटर, म्हणजे तीन फूट. एजंटची टाच बरीच उंच होती. २०२१ ला साडेसहा इंच. साडेसत्तावन्नातून तीन वजा केले तर साडेचोपन्न, पंचावन्नातून साडेसहा इंच वजा केले तरी जवळपास तेच. म्हणजे आयर्विनला साडेचोपन्न झालं की फरशीला पाणी लागणार. २००५ ला आयर्विन साडेत्रेपन्नच्या वर गेलं होतं, त्या पुरात फरशी थोडक्यात वाचली असती.

मी वही मिटायला लागलो तर सर्व्हेअर म्हणाले, "संडासाची लेव्हल घेतली नाही अजून."

खरं सांगायचं तर हे माझ्या डोक्यातच नव्हतं. नदी दारातून येते असं आपण समजतो. सांगलीत ती बऱ्याचदा मागच्या दाराने येते, शेरीनाल्यातून, गटारातून, चेंबरमधून. नदी चढली की नाल्याचं तोंड दाबलं जातं आणि पाणी उलटं फिरतं. संडासाचं भांडं फरशीपेक्षा १५ सेंटिमीटर खाली, म्हणजे हिशेब अर्धा फूट आधी, चोपन्नला. मागचं चेंबर त्याहून खाली, ते साधारण पावणेबावन्नला भरून वाहणार. चेंबरचं पाणी नदीच्या पाण्यासारखं नसतं, त्याची घाण कागदाला लागली तर रद्दीवालाही घेत नाही. त्यामुळे लेव्हल घेताना यादी करून द्या: फरशी, संडास, मागचं-पुढचं चेंबर, विजेचा मीटर आणि मेन स्विच, बोअरचं तोंड, पाण्याच्या टाकीचं झाकण, शेजारच्या मोकळ्या प्लॉटची जमीन. शेजारच्या प्लॉटवर मुरूम टाकून भराव झाला असेल तर तिथलं पाणी आता तुमच्याकडे ढकललं जाणार.

आणि सगळ्यात शेवटी रस्ता. तुमच्या दारापासून उंच भागाला जाणाऱ्या रस्त्यावरचा सगळ्यात खोलगट बिंदू कुठला? आम्ही तिघं चालत गेलो, स्टाफवाला पोरगा दर पन्नास पावलांवर उभा. खोलगट जागा एका वळणावर सापडली: ९८.८७. फरशीपेक्षा दीड मीटर, म्हणजे पाच फूट खाली. साडेचोपन्नातून पाच गेले, साडेएकोणपन्नास. म्हणजे गाळा कोरडा ठणठणीत असताना, पाणी अजून पाच फूट लांब असताना, माझा टेम्पो अडकलेला असणार. २०१९ ला आमच्या ओळखीतल्या कित्येकांचं हेच झालं. "अजून आपल्याकडे आलं नाही" म्हणत बसले आणि मागे रस्ता बंद. गाळ्याचा आकडा साडेचोपन्न असला तरी माल हलवायचा माझा आकडा साडेएकोणपन्नास, आणि तोही खरं तर अठ्ठेचाळीस. कारण पूरखुणा वरच्या पातळीच्या आहेत आणि त्यावरून खालच्या पातळीचा हिशेब करताना फूट-दीड फूट इकडेतिकडे होतो. नाल्यात पाणी शिरायला वेळ लागतो, किंवा आधीच स्थानिक पाऊस तुंबलेला असतो. खालच्या आकड्याला दीड फुटाची सवलत स्वतःला द्या.

काम संपवताना सर्व्हेअरला पायरीवर परत यायला लावा. सुरुवात १०० होती, आमचं परत आलं ९९.९९१. नऊ मिलिमीटरचा फरक. एक-सव्वा किलोमीटरच्या फेरीला दोन-अडीच सेंटिमीटरपर्यंत चालतो. परत न येता कुणी "बरोबरच आहे" म्हणाला तर त्या वहीला किंमत नाही. फील्डबुकच्या पानांचे फोटो तिथेच काढून घ्या आणि सुरुवातीची पायरी नेमकी कोणती, याचाही फोटो.

इमारतीकडे बघायला सर्व्हेअर नको, डोळे पुरतात. काळ्या मातीवरची भिंत पूर ओसरल्यावर महिन्याभराने तडकते, कारण माती फुगते आणि मग वाळून आकसते. दाराच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली चीर दिसली आणि ती करंगळीच्या नखापेक्षा रुंद असली तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. नवा प्लॅस्टर फक्त कमरेएवढ्या उंचीपर्यंत असेल तर काय झालं होतं ते सांगायला नको.

विम्याचं थोडक्यात. आगीच्या पॉलिसीत वादळ-पूर-जलप्रलयाचं कलम असतं, ते काढून टाकून हप्ता कमी करून दिलेलं नाही ना हे पॉलिसीत शोधा, एजंटला विचारू नका. आणि माल जितक्याचा आहे तितक्याचाच विमा करा. दहा लाखांचा कागद पाच लाखांना दाखवला तर नुकसान दोन लाखांचं झालं तरी अर्धंच हातात पडू शकतं.

मशीन मी शेवटी कुपवाडच्या उंचवट्यावर नेलं, ते हलवता येत नाही आणि साडेचोपन्नचा पूर दोनदा येऊ शकतो तर तिसऱ्यांदाही येईल. हा गाळा मात्र भाड्याने घेतला, बाइंडिंग आणि गोदामासाठी. भाड्यात वही पुढे ठेवून घासाघीस केली, ती कामी आली. रॅकची पहिली फळी साडेतीन फुटांवर, मेन स्विच पाच फुटांवर, चेंबरच्या पाइपला उलटं पाणी अडवणारा झडपेचा व्हॉल्व्ह. टेम्पोवाल्याला जूनमध्येच सांगून ठेवलंय: आयर्विनला त्रेचाळीस झालं की फोन, पंचेचाळीसला दारात गाडी. पाटबंधारे खात्याच्या रोजच्या पत्रकात आयर्विनच्या आधी कराडचा कृष्णा पूल, बहे, ताकारी, भिलवडी यांचे आकडे असतात, ते चढायला लागले की आपल्याकडे काय येणार ते कळतं. सोबत कोयना आणि वारणेचा विसर्ग बघायचा.

आत शटरजवळ ऑइलपेंटने तीन रेघा ओढल्यात आणि शेजारी आकडे लिहिलेत: रस्ता ४९½, चेंबर ५१¾, फरशी ५४½. पेंटर पोरगा म्हणाला, "काका, फोन नंबर आहे का हा?" गेल्या वर्षी महापालिकेने समोरचा रस्ता डांबराचा नवा थर टाकून चार इंच उंच केला, त्यामुळे येत्या मे महिन्यात लेव्हल परत घ्यायची आहे. गिरणीची पायरी अजून तशीच आहे, बघून आलो.